सहादूची साक्ष

निफाडच्या पुढे सहादूच्या वस्तीवर मुंबईची माणसं कॅमेरे घेऊन येणार होती, त्या दिवशी सहादूने सकाळी दोनदा दाढी केली. कारणही तसंच होतं. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या द्राक्षबागेपलीकडच्या विहिरीवर सावळीरामचा खून झाला आणि गावातल्याच रवीला जन्मठेप लागली, ती सहादूच्या साक्षीवर. "आमच्या बांधावरून पाहिलं, रवीच होता," एवढं तो कोर्टात बोलला आणि गावात मोठा माणूस झाला. पुढे कुणाची कोंबडी हरवली तरी लोक सहादूला विचारत. तोही विचार केल्यासारखं करून उत्तर देई.

आता रवी खरोखर गुन्हेगार होता का, यावर फिल्म निघत होती. फिल्मवाली संजना बोलायला गोड, पण प्रश्न टोकदार. सहादूने तिला सगळं सांगितलं आणि सांगण्याच्या भरात थोडं जास्तच सांगितलं. कोर्टात नुसता रवी दिसला होता. आज त्याच्या कपाळावरचा घामही दिसला. चहा घेऊन आलेल्या बायकोने, चतुराबाईने, त्याच्याकडे असं काही पाहिलं की घाम त्याने लगेच मागे घेतला.

मग संजनाने त्याला बांधावर उभं केलं आणि आपल्या ड्रायव्हरला विहिरीवर पाठवलं. एप्रिलची खरड छाटणी नुकतीच झालेली, द्राक्षबागेत नुसते खुंट आणि तारा. ड्रायव्हर स्वच्छ दिसत होता, अगदी नाकावर घसरलेल्या चष्म्यासकट. संजनाचा चेहरा उतरला. काका खरंच बोलत होते, आता रवीच्या आईला काय सांगू, असं म्हणत तिने सामान आवरायला घेतलं.

सहादूची छाती फुगली, पण फार वेळ टिकली नाही. चतुराबाई शेजारी येऊन हळूच म्हणाली, "आवं, खून झाला तवा पौष व्हता. माल उतरायला आलेला."

"मंग आजवर बोलली का नाय?"

"मला कुणी इचारलं व्हतं?"

पौषात मांडव पानांनी असा गच्च भरतो की विहीर राहू द्या, चार ओळींपलीकडचं माणूस दिसत नाही. गावातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, पण खुनाच्या भानगडीत पडतो कोण? आणि रवीच्या शहरातल्या वकिलाने बागेत पाऊलही टाकलं नव्हतं. सहादूने पानांतून हलणारा एक पांढरा सदरा पाहिला होता, बस. रवीचं नाव दुसऱ्या दिवशी पारावर निघालं आणि त्या सदऱ्याला चिकटलं. मुद्दाम खोटं तो बोलला नव्हता. पण एक माणूस अकरा वर्षं आत होता.

मुंबईच्या माणसांना द्राक्षाचं काय कळणार? तो गप्प बसला असता तर गाडी गेली असती आणि मानही राहिला असता. गाडी सुरू झाली. सहादू इस्त्रीचा पायजमा सावरत धावला आणि काचेवर थाप मारली.

"ताई, कॅमेरा परत काढा," तो धापा टाकत म्हणाला. "त्या दिवशी बाग पानांनी भरलेली व्हती. मला त्याचं तोंड दिसलंच नाय."