अर्धवट पत्ता

नर्मदाच्या घराला नंबर नाही. नंदाखाल गावात रस्त्याकडेच्या क्रुसापाशी आत वळायचं, केळींमधल्या पायवाटेने विहिरीपर्यंत यायचं, की समोर तिची पडवी. आता हे कुठल्या पाकिटावर लिहिणार? म्हणून पार्सल घेऊन येणारा प्रत्येक माणूस क्रुसापाशी उभा राहून फोन करतो आणि ती चपला अडकवून त्याला आणायला जाते.

पार्सलं पाठवतो तिचा मुलगा अनुज. तो काही सातासमुद्रापार नाही, गोखिवऱ्याला राहतो. रमतगमत निघालं तरी तासाभराची वाट. हिरामण, म्हणजे नर्मदाचा नवरा, गेला त्या वर्षी अनुज दर रविवारी यायचा. मग महिन्यातून एकदा. मग त्याच्याऐवजी खोकी येऊ लागली. गुडघ्याचा पट्टा आला, साखर तपासायचं यंत्र आलं, पाठ शेकायची पिशवी आली. नर्मदाने एकही खोकं टाकलेलं नाही, सगळी माळ्यावर रचून ठेवली आहेत. पण गेले दोन महिने खोकंही आलं नव्हतं.

त्या मंगळवारी अकराच्या सुमारास ती पडवीत केळीची पानं पुसत बसली होती, तेव्हा मेसेज आला. चक्क मराठीत. पत्ता अपूर्ण असल्यामुळे आपले पार्सल अडकले आहे, चोवीस तासांत खालील लिंकवर पत्ता व पंचवीस रुपये न भरल्यास ते परत पाठवले जाईल.

 पोराने एवढं पाठवलं आणि आपल्या घराला नंबर नाही म्हणून ते कुठेतरी भटकतंय. परत गेलं तर त्याला वाटेल, आईने घेतलं नाही. तिने चष्मा लावला, लिंक उघडली आणि पत्ता लिहायला बसली. क्रूस, पायवाट, विहीर, सगळं लिहिलं, दारचा सोनचाफाही घातला. इतक्या आस्थेने तिचा पत्ता आजवर कुणी विचारला नव्हता. पाऊण तास गेला. मग मोबाइलवरच्या त्या पानाने कार्डाचा नंबर मागितला, तशी ती कपाटातून एटीएम कार्ड घेऊन आली.

तेवढ्यात शेजारची फेलिशिया पानं न्यायला आली. पतपेढीत तीस वर्षं काढलेली बाई; तिला कार्ड आधी दिसलं, मोबाइल नंतर. मेसेज वाचून तिने कार्ड नर्मदाच्या मुठीत कोंबलं.

"इतकी पार्सलं आली तुझ्याकडे. कुणी कधी मेसेज केला का? सगळे क्रुसापाशी उभे राहून फोनच करतात ना?"

 हे नर्मदाला कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी कळलंही होतं. फेलिशियाने ते पान बंद केलं, नंबर ब्लॉक केला, आणि असले मेसेज अडवायचं बटण कुठे असतं ते दाखवून नर्मदाच्याच बोटाने ते बंद-चालू करून घेतलं आणि शेवटी चालू ठेवलं. जाताना म्हणाली, खात्री हवी असेल तर अनुजला विचार, त्यानेच पाठवलं असेल तर त्याला ठाऊक असेल.

इथेच तर घोडं अडलं होतं. पंचवीस रुपयांचं नर्मदाला काही नव्हतं. पण काही पाठवलंस का रे, असं विचारायचं म्हणजे मागितल्यासारखं. आणि तो नाही म्हणाला तर? जेवण झालं, भांडी झाली, उरलेली पानं पुन्हा पुसून झाली. शेवटी चार वाजता तिने फोन लावलाच.

"नाही गं आई, मी काहीच नाही पाठवलं," अनुज म्हणाला. "तू ती लिंक ओपन नाही ना केलीस?"

उघडली होती, पण पैसे भरले नाहीत, असं तिने सांगितलं, तसा तो घाबरला आणि बोलू लागला. कार्डाचा नंबर कुणाला द्यायचा नाही, ओटीपी तर नाहीच नाही. पार्सलचं काही आलं की आधी मला विचारायचं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, त्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा. ऑफिसात असूनही चांगली बारा मिनिटं बोलला. यातलं बरंचसं फेलिशियाने मघाशीच सांगितलं होतं, तरी नर्मदा दर वाक्याला, म्हणजे काय रे, असं विचारत राहिली. वर्षभरात तो तिच्याशी एवढं बोलला नव्हता. तरी त्याचं ते पहिलं 'नाही' ती विसरली नव्हती.

"तुझ्या फोनमध्ये असले मेसेज अडवायचं एक सेटिंग ऑन करावं लागेल," तो म्हणाला. "तुला जमेल? नाहीतर मला यावं लागेल."

नर्मदाने पायवाटेकडे पाहिलं.

"मला कुठलं जमतंय बाबा. तूच येऊन कर."

"बघतो. या रविवारी, नाहीतर पुढच्या. तोवर कशाला हात लावू नकोस."

तिने फोन ठेवला. मग चष्मा लावला, फेलिशियाने दाखवलं होतं तसं एकेक दाबत आत गेली, आणि मेसेज अडवायचं ते चालू असलेलं बटण तिने बंद करून टाकलं. पोरगा एवढ्या लांबून येणार, तर त्याला करायला काहीतरी काम उरायला हवं.