सांध्याखालची काळी माती

मी सांडपाण्याचा सिमेंटचा पाईप बोलतोय. माझा जन्म वडवणीच्या बाजूचा, ऐन दुष्काळातला. सळ्यांच्या जाळीवर सिमेंट-वाळू ओतून मला साच्यात गरगर फिरवलं आणि मग हौदात भिजत ठेवलं. बाहेर बाया रिकाम्या घागरी घेऊन हिंडत होत्या. मला तेव्हा लाज वाटायची.

सहकारी साखर कारखान्याच्या वसाहतीचं सांडपाणी ऊसतोड्यांच्या वस्तीतून ओढ्याकडे न्यायचं ठरलं. वस्तीला ते नको होतं. वाटेतच त्यांचा आड होता आणि त्या भागात तेवढ्याच आडाला पाणी उरलं होतं.

तेव्हा चेअरमन भगवानरावांनी शिवकन्येला बोलावलं. ती याच वस्तीतल्या ऊसतोड्यांची लेक. शिकून इंजिनिअर झालेली. जमिनीत पुरलेल्या पाईपांचे सांधे कसे वागतात, याचा ती संगणकावर अभ्यास करायची.

ती आली, टेपने माझं तोंड मोजलं आणि माझ्यावरच लॅपटॉप ठेवून बसली. पडद्यावर मी होतो. माझं टोक शेजारच्या पाईपाच्या तोंडात, खाली-वर माती, त्यावर रस्ता आणि रस्त्यावर टँकरची चाकं.

"बघा साहेब," ती म्हणाली, "पाईप मोडत नाही, सांधा वाकतो. आपली काळी माती उन्हात भेगाळते, ओल लागली की फुगते. खाली नुसती तीच असली, तर भरलेल्या टँकरखाली एक पाईप खचतो आणि दुसरा जागेवरच राहतो. मधली रबराची रिंग सरकते, मग पाणी गळतं. खाली खडीचा थर नीट दाबून बसवला, तर सांधा टिकतो."

"तू सांगशील तसंच करू," भगवानराव म्हणाले. "फक्त वस्तीला तूच समजावून सांग. तुझं ऐकतील."

तिने घरोघर जाऊन समजावलं. तिची मावशी तुळजाबाई म्हणाली, "तू म्हनतीस तर ठीक हाय. आमाला त्यातलं काय कळतंय?" वस्तीने हरकत सोडली आणि शिवकन्या शहरात परत गेली.

चर खणला गेला. खडीचा ट्रक आला खरा, पण तो भगवानरावांच्या नव्या मंगल कार्यालयाकडे वळला. मला ढेकळांवरच ठेवलं. मुकादम बंकट म्हणाला, "साहेब, खडी राह्यली की."

"लोट माती," भगवानराव म्हणाले. "वरून कुनाला दिसतंय?"

मग माझ्यावर अंधार पडला.

त्या वर्षी गावोगाव टँकर धावत होते. प्रत्येक भरल्या टँकरसरशी मी थोडा खचायचो. एक दिवस रिंग सरकली. माझ्यातलं घाण पाणी मातीतून आडाकडे झिरपू लागलं. मला ते कळत होतं, पण थांबवता येत नव्हतं.

वस्तीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. तुळजाबाईच्या नातवाला पाटोद्याच्या दवाखान्यात नेलं. पोर वाचलं, पण उभं राहिना इतकं खंगलं.

शिवकन्या धावत आली, तेव्हा तिला कुणी बस म्हटलं नाही. तुळजाबाई म्हणाली, "तुझ्या शब्दावर आमी गप बसलो. कावून फसवलंस गं?"

भगवानराव तिथेच होते. "तपासनी हिचीच," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "पन तिचा तरी काय दोष? पाईपच खराब निघाला."

आतून पोकळ असूनही मला भरून आलं.

शिवकन्या एवढंच म्हणाली, "मग उकरा. सगळ्यांसमोर."

बंकटने सगळ्यात आधी फावडं घेतलं. सांधा उघडा पडताच शिवकन्या चरात उतरली. माझ्याखाली हात घालून तिने काळा, घाण चिखल बाहेर काढला आणि मावशीपुढे धरला. "इथं खडी पाहिजे होती. साहेबांनी तुमच्याकडे माझा शब्द खर्चला आणि मला दिलेला मोडला."

तुळजाबाईने वाकून चरात बघितलं. मग वळून म्हणाली, "चेअरमन साहेब, आमच्याच पोरीच्या हातून आमाला ही घाण पाजलीत." भगवानराव गाडीत बसले.

नवे पाईप खडीवर बसले. थर दाबून होईपर्यंत शिवकन्या उन्हात उभी होती आणि तुळजाबाई तिच्या शेजारी. आडाचं पाणी मात्र पुन्हा कुणी तोंडाला लावलं नाही.

मला साखळीने ओढून काढताना माझी कड फुटली. आता मी कारखान्याच्या कुंपणालगत पडून आहे. भगवानराव अजून चेअरमन आहेत आणि 'हाच तो खराब पाईप' म्हणत पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून हसतात.

माझं एवढंच मागणं आहे. कुठं चर बुजवत असतील, तर माती लोटण्याआधी वाकून खाली बघा. माती पडल्यावर आमचा आवाज वर येत नाही.