साडेपाचशे मैल अन् एक रात

माह्या नवऱ्याचं नाव निंगालं की आजही माह्या जिवाची आग होते. लोक म्हनतात, सरवरी, झालं गेलं सोड. काहून सोडू?

अन्सार कराचीच्या इमानतळावर फिटर होता. तवा इंग्रजाचं राज, कराची-मुंबई एकच मुलूख. पाच सालं घरी फिरकला नाही, पत्रं मात्र लांबलचक. कराची ते मुंबई साडेपाचशे मैल, इमानाले सहा घंटे, मधात अहमदाबादले तेल भरतात. माह्या पोरीले, अख्तरीले, ते सारं तोंडपाठ. रिसोडच्या आमच्या बांगड्याच्या दुकानात ती गिऱ्हाइकायले बी सांगे.

तिचा निकाह केनवडच्या सादिकशी ठरला. आमच्यात पोरीची रजामंदी परद्याआड जाऊन बाप घेते, नाहीतर मामा. मामा घरातच होता, माहा भाऊ दिलावर. पन पोरगी हटून बसली, अब्बाच पाह्यजे. अन्सारनं लिवलं, येतो. सायब इमानात फुकट बसवनार. सकाळी कराची, दुपारी मुंबई, रातच्या गाडीनं अकोला, तिथून मोटर. जुम्म्याच्या नमाजाआधी दारात.

माही सासू हाजराबी त लयच भारी. तिनं चंपत माळ्याच्या मागं लागून मेथीचे वाफे मोकळे करून घेतले, इमान उतरायले. इमान मुंबईलेच थांबते, हे मी तिले चारदा सांगतलं. लेकरू मायच्या दारी नाही उतरनार त कुठी उतरनार, म्हने.

जुम्मा आला, बरात आली. अकोल्याची मोटर बी आली, पन अन्सार काही उतरला नाही. काजीसायब दोन घंटे थांबले. मंग टपालमास्तर बापूराव स्वतः तार घेऊन आले अन् वाचून दाखवली. इमान सुटलं नाही, कराचीतच अडकलो, निकाह उरकून घ्या.

अख्तरी म्हने, जाऊ दे अम्मी, कराची किती दूर हाय, अब्बा तरी काय करतीन.

बापूरावचा पाय निंगेना. त्यायनं मले बाजूले बलावलं अन् तारेच्या माथ्यावर बोट ठेवलं. तार जिथून निंगते त्या गावाचं नाव तिथं असते म्हने. गाव होतं मुंबई. टाइम कालचा, रातची गाडी सुटायच्या आधीचा.

म्हंजे इमान सुटलं होतं. मानूस सहा घंटे उडून आला, अन् एका रातीची रेल्वे त्याले जड झाली. तिथं त्याचं कोन होतं, मले आजवर मालूम नाही. पाच सालं मी त्या साडेपाचशे मैलायले शिव्या देल्या. मैलायचा काय कसूर होता?

दिलावरनं पोरीची रजामंदी घेतली. काजीसायब लिवायले बसले. बापाचं नाव अन्सार, म्हने, हयात हाय का, कुठी असते?

"हयात हाय," मी म्हनलं. "मुंबईत हाय. कालपासून."

मंग परद्याआडून अख्तरी बोलली.

"काजीसायब, बापाच्या जागी माह्या अम्मीचं नाव लिवा."

तसं होत नाही बेटी, असं काजीसायब हळूच म्हनले, अन् त्यायनं अन्सारचंच नाव लिवलं.