उरलेलं रताळं

शोशो शुक्रवारी डोंगराकडच्या न्येरीहून आली ती रिकामी टोपली घेऊन. मुलांच्या आजीला, म्हणजे शोशोला, रिकाम्या हाताने येताना कोणी पाहिलं नव्हतं. केळी, शेंगा, निदान पाय बांधलेली एखादी कोंबडी तरी असायचीच. या खेपेला टोपलीत काही नव्हतं. तिच्या जावयाने, गाचांजाने, ती दाराआड ठेवली आणि त्याला कळलं, की जाताना तिच्यात मुलांचे कपडे जाणार.

न्योकाबी, त्याची बायको, शोशोची मुलगी, जाऊन आठ महिने झाले होते.

सासू-जावयाने समोरासमोर बोलायचं नाही ही जुनी रीत. नैरोबीत आता ती कोणी पाळत नाही, पण शोशो पाळायची. मधे एखादं पोर उभं करून बोलायची.

"वारुगुरू, तुझ्या बाबाला सांग, न्दिरांगूच्या मानेवर मळ आहे."

"शोशोला सांग, सकाळीच आंघोळ घातलीय त्याला."

"सांग, मग मळानेच घातली असेल."

वारुगुरू सर्वांत मोठी, बारा वर्षांची. ती दोघांच्या मधे उभी राहून हसू दाबत होती. शनिवारी मात्र शोशो जे बोलली त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "बाबाला सांग, उद्या रविवार. एक दिवस सगळी पोरं नीट सांभाळून दाखव म्हणावं. जमलं तर राहू देत इथे. नाही जमलं तर सोमवारच्या गाडीने माझ्याबरोबर येतील."

मुलांनी बागेत जायचा हट्ट धरला. न्योकाबी त्यांना तिथेच न्यायची. गाचांजाने पहाटे रताळी उकडली. मोजून नाही, हाताला सवय होती तेवढी. गिकुयू जमातीचा माणूस आपली मुलं मोजत नाही. मोजलं की कमी होतं, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. आकडा दहाचा असला तरी जुनी माणसं 'भरलेले नऊ' म्हणून थांबतात. न्योकाबीची युक्ती साधी होती. माणशी एक रताळं. वाटून झाल्यावर फडक्यात काही उरलं तर कोणीतरी आलेलं नाही, शोधायला उठायचं. तिने कधी बोटांवर पोरं मोजली नाहीत आणि कधी एकही हरवलं नाही.

गाचांजा अजून तिच्यासकट रताळी उकडत होता. आठ महिने रोज एक उरायचं. ते फडक्यात बांधून तो बाजूला ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या शेळीला घालायचा.

बागेच्या फाटकाशी ओकुमू नावाचा गणवेशातला रखवालदार वही घेऊन बसला होता.

"किती जण?"

"हे आम्ही. दिसतोय ना तुला."

"दिसताय. वहीत काय 'दिसतात' असं लिहू? आत तळं आहे, बाबा. जेवढे आत तेवढे बाहेर, असा हुकूम आहे."

"मग तुला लिहायचं ते लिही."

"डोंगराकडची माणसं तुम्ही!" ओकुमू हसला. "पोरं जन्माला घालायची भीती नाही, मोजायची भीती."

त्याने पेन उचललं आणि पेनाचं टोक एकेका डोक्यावर धरायला लागला. शोशोने सहा वर्षांच्या गाकेनियाला हळूच आपल्या शालीखाली ओढलं. ही दुसरी मुलगी, म्हणून रीतीप्रमाणे तिला शोशोचंच खरं नाव दिलेलं.

"गप राहा," शोशो पुटपुटली. "मोजणाऱ्याच्या नजरेला पडायचं नाही."

शाल खुदकन हसली. गाचांजाने ते पाहिलं आणि चालू दिलं. खरं म्हणजे त्याला बरंच वाटलं. न्योकाबीला दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या कारकुनाने विचारलं होतं, घरात माणसं किती? गाचांजा घाईत होता. त्याने आकडा सांगून टाकला. कारकुनाने तो लिहिला. तीन आठवड्यांनी तो आकडा खोटा झाला.

"मोठी दोन, पोरं चार," ओकुमूने लिहिलं. "सहाच्या आत बाहेर. नंतर फाटक बंद."

बाग नेहमीसारखीच होती. कापलेली हिरवळ, वळणाच्या वाटा, नावांच्या पाट्या ठोकलेली झाडं. पण तळ्याकाठच्या बाभळींवर टकले करकोचे नेहमीपेक्षा जास्त बसले होते. इतके, की फांद्या वाकल्या होत्या. ते आवाज करत नव्हते. खाली लोक डबे उघडत होते, चेंडू खेळत होते, आणि ते माना खांद्यांत घालून बघत होते. तळ्यातल्या होड्या साखळीने बांधून ठेवलेल्या. पाणी हिरवं, जाड, हलत नसलेलं.

"बाबा, ते कोणाची वाट बघतायत?" न्दिरांगूने विचारलं.

"उष्ट्याची."

"आपण उष्टं टाकायचं नाही," दहा वर्षांचा किबाथी म्हणाला, आणि त्याच्या पाठचा मुरिगूही म्हणाला, "टाकायचं नाही."

मुलं झाडांत पांगली. दुपारी गाचांजाने हाक मारली तशी एकेक धावत आली, रताळं उचलून पुन्हा पळाली. कोण आलं, कोण गेलं, हात आणि पाय तेवढे दिसले. शोशोने एक घेतलं. त्याने एक घेतलं. फडक्यात एक उरलं.

त्याने त्या रताळ्याकडे पाहिलं. शोशोनेही पाहिलं. तिने डोळे पुसले आणि तोंड फिरवलं. गाचांजाने फडक्याची चारही टोकं जुळवून गाठ मारली, रोज मारायचा तशीच, आणि गवतावर आडवा झाला. त्या एका रताळ्याने त्याची हालचालच थांबली होती. तो कितीतरी वेळ वर बघत पडून राहिला.

ऊन उतरलं. लोक चटया झटकू लागले. कुठेतरी शिट्टी वाजली. पोरं मातीने माखून परत आली आणि शोशोच्या भोवती बसली.

"वारुगुरू, बाबाला सांग, रताळं गोड होतं. दुपारी मी घास घेतला तेव्हाच म्हणणार होते. कुठल्या बाजारातलं?"

गाचांजा पिशवी भरत होता. त्याचा हात थांबला.

शोशोने रताळं खाल्लं होतं. तिच्यासाठी वेगळं उकडलंच नव्हतं, म्हणजे न्योकाबीच्या वाटचं शोशोने खाल्लं होतं. मग फडक्यातलं कोणाचं?

तो उठून उभा राहिला. वारुगुरू, किबाथी, मुरिगू, न्दिरांगू. त्याने पुन्हा पाहिलं.

"गाकेनिया कुठंय?"

"मला वाटलं शोशोजवळ आहे," वारुगुरू म्हणाली. "जेवायला आली होती ना?" कोणालाच आठवेना. तिला शेवटचं पाहिलं ते मुरिगूने, सकाळी, तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर.

गाचांजा तळ्याकडे धावला. काठावर लव्हाळी माणसाच्या उंचीची वाढलेली. होड्यांखाली पाहिलं, बांबूंत पाहिलं. हाका मारून घसा बसला. वरचे करकोचे बाजूला सरकले, उडाले मात्र नाहीत. लव्हाळ्याशी त्याला तिची एक चप्पल मिळाली. एकच.

तो फाटकाशी आला तेव्हा शोशो पोरांना घेऊन आधीच पोचली होती. ओकुमू वहीवर बोट ठेवून उभा होता.

"मी आजीला तेच सांगतोय. पोरं चार आत गेली, चार इथे उभी. हरवलंय कोण?"

"माझी मुलगी. तळ्यापाशी तिची चप्पल सापडली!"

"चपला इथे रोज सापडतात. दहा मिनिटांत कुलूप लागेल. मी शिट्टी मारून सगळ्यांना पाण्यात उतरवायचं, तर वरचे मला विचारणार, वहीत कोण कमी आहे? वहीत कोणीच कमी नाही."

"वही चुकलीय."

"मग बरोबर आकडा सांग. एवढंच मागतोय. स्वतःची पोरं किती, ते सांग!"

गाचांजाने तोंड उघडलं. जीभ हलेना. त्याला दवाखान्यातल्या कारकुनाचं पेन दिसत होतं. गाकेनिया अजून कुठे श्वास घेत असेल, तर आपण आकडा उच्चारला की तोही थांबेल, असं त्याला वाटत होतं. आणि नाही उच्चारला तर कुलूप लागणार होतं.

शोशो पुढे आली. मधे तिने कोणतंच पोर घेतलं नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिने जावयाच्या डोळ्यांत पाहिलं.

"मोज," ती म्हणाली.

"आई..."

"मी लपवली तिला. मी. आता मोज, आणि माझ्यापासून सुरू कर. बोट लावून मोज. ज्याला न्यायचं असेल तो पहिल्यापासून नेईल."

गाचांजाने बोट उचललं.

"एक," तो शोशोकडे बोट करून म्हणाला. तिने मान ताठ ठेवली. मग स्वतःच्या छातीवर, "दोन." वारुगुरू रडायला लागली, तिच्यावर, "तीन." किबाथी, "चार." मुरिगू, "पाच." न्दिरांगू, "सहा."

मग बोटासमोर कोणी नव्हतं. ते तळ्याकडे वळलं.

"सात."

ओकुमूने वहीत खाडाखोड केली आणि शिट्टी तोंडात घातली. चौघे गणवेशवाले काठ्या घेऊन लव्हाळ्यात शिरले. पाणी त्यांच्या कमरेला आलं. ते हाका मारत होते, काठ्यांनी तळ चाचपत होते. उत्तर नव्हतं. उजेड कमी होत चालला.

शोशो काठाशी चिखलात उभी राहिली. तिने फक्त एकदाच हाक मारली, मोठ्याने नाही.

"गाकेनिया. ये बाहेर. मोजून झालं."

लव्हाळी हलली. गणवेशवाल्यांपासून दहा पावलांवरून पोरगी उठली. छातीपर्यंत भिजलेली, ओठ निळे पडलेले. सकाळी एक गणवेशवाला वाटेने येताना दिसला तेव्हा ती मोजणाऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून लपली होती. तो काठाकाठाने दिवसभर फिरत होता. तो जवळ आला की ती आणखी आत सरकायची. शोशोने गप राहायला सांगितलं होतं, म्हणून बाबाच्या हाकांनाही तिने ओ दिली नव्हती.

"पुढे खाली जमीनच नव्हती," ती म्हणाली. "म्हणून मी थांबले."

गाचांजाने तिला उचललं. तिचे दात वाजत होते. शोशोने आपली शाल काढून तिला गुंडाळली.

फाटकात ओकुमूने पेनाचं टोक पुन्हा एकेकावर धरलं. या वेळी कोणी कोणाला लपवलं नाही. "सात," तो म्हणाला आणि खाली रेघ ओढली. दवाखान्याच्या वहीसाठीही गाचांजाने हाच आकडा सांगितला होता. त्याने शोशोकडे पाहिलं. तिलाही ते माहीत होतं.

परतीच्या मटाटू गाडीत ती खिडकीशी बसली. अंगावर शाल नसल्याने ती लहान दिसत होती. थोड्या वेळाने तिने हात पुढे केला.

"ते रताळं दे."

"आई, ते राहू दे. शिळं झालंय."

"मोजताना पहिली मीच होते. माझंच आहे ते."

तिने गाठ सोडली आणि साल न काढता, एकेक घास सावकाश चावून ते संपवलं. मग फडकं झटकून त्याची नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

"उद्या मला गाडीत बसवून दे," ती म्हणाली. "एकटीला. टोपली राहू दे तुझ्याकडे. मला आता ती लागायची नाही."