गोळीतला गहू

तात्यांनी गोळ्यांचं रिकामं पाकीट काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "ह्यातबी गहू हाय."

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. खोकल्याचं औषध न्यायला आलेला एक जण फिदीफिदी हसला. "आवो तात्या, गोळीत गहू असता तर रेशनवर मिळाली नसती व्हय?" बाकीच्यांनीही हसून घेतलं. मी त्या खोकल्याच्या बाटलीचं झाकण जरा जोरातच आवळलं आणि त्याला वाटेला लावलं.

"सकाळी तुझ्या काकूला गोळी दिली," तात्या मला म्हणाले, "आन् दुपारपत्तोर सहा येळा परसाकडं जाऊन आली. भिंत धरून जाती ती, रेश्मा. तिसरी कंपनी हाय ही. तिन्हीतबी त्योच घोळ."

चौदा वर्षं मी माळेगावात हे मेडिकल चालवते. माझं तोंड फटकळ आहे, हे गावाला ठाऊक आहे. पण गेणूतात्यांवर कधी खेकसता आलं नाही. हा माणूस जी शंका काढायचा ती खरी असायची. तीस वर्षं साखर कारखान्यात त्यांनी एकच काम केलं. तासातासाला उसाच्या रसाचा नमुना बाटलीत भरायचा, त्यावर वेळ लिहायची, प्रयोगशाळेत नेऊन द्यायचा. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. बानूकाकूंना दिलेल्या प्रत्येक गोळीचं पाकीट त्यांनी जपून ठेवलं होतं, तारीख घालून.

बानूकाकू त्यांची बायको. वय एकसष्ट, वजन चौतीस किलो. सगळं आयुष्य पोट बिघडलेलं. सासू म्हणायची, हिच्या अंगी लागत नाही, खाते कुठं आणि जातं कुठं. तीन वेळा दिवस गेले आणि तिन्ही वेळा पोट पडलं. मग गावानं जे म्हणायचं ते म्हटलं. काकू खाली मान घालून चपात्या लाटत राहिल्या आणि खात राहिल्या. गेल्या वर्षी बारामतीच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, यांना गहू चालत नाही, जन्मात कधी चाललाच नसेल. इतक्या वर्षांत खाल्लेलं अंगाला न लागल्यामुळं हाडं पोकळ झालीत, पाठीचा मणका दबलाय, तो आता वर यायचा नाही. दुखलं तर साधी पॅरासिटॅमॉल द्या, पण गोळी बांधायला पिठूळ, म्हणजे स्टार्च, घालतात, ते गव्हाचं नाही ना एवढं विचारून घ्या.

एवढं ऐकून आलेल्या तात्यांनी घर उलटंपालटं केलं. ज्या माणसानं चाळीस वर्षांत प्यायलेल्या पाण्याचा तांब्या जागेवरून हलवला नव्हता, तो चुलीपुढं बसला. घरातला गहू भावाकडं पोचवला. नवा तवा आणला. गिरणीत गव्हाचं पीठ उडतं म्हणून माळ्यावरचं जातं खाली काढलं आणि ज्वारी स्वतः दळायला लागले. बायका जाता-येता तोंडाला पदर लावायच्या. तात्यांना त्याचं काही नव्हतं.

राहिली होती गोळी. पाकिटावर औषधाचं नाव असतं, किंमत असते, पिठूळ कशाचं ते नसतं. मी दोन कंपन्यांना मेल टाकले होते. आता तिसऱ्या कंपनीला टाकला, फोनही लावला. तिथली मुलगी म्हणाली, विचारून कळवते.

"तवर बंद ठिवतो गोळी," तात्या म्हणाले.

"काकूंना सोसवेल का?"

"न्हाय सोसत. पर पोट चालू झालं की हाय तेबी अंगात ऱ्हात न्हाय."

तीन आठवडे गेले. तात्या रोज अकराला यायचे, पायरीवर चप्पल काढून उभे राहायचे, मी नाही म्हणून मान हलवली की चप्पल घालून जायचे. पोट कसं आहे विचारलं की म्हणायचे, पोट झ्याक हाय. पाठ कशी आहे विचारलं की रस्त्याकडं बघायचे. एकदा एवढंच म्हणाले, "कूस बदलायला मला हाक मारती. आन् हाक माराय लागू ने म्हणून दात चावून पडून ऱ्हाती."

गोळी बंद केली की पोट ठीक, चालू केली की बिघडलं. आता याच्यापुढं कुणाला काय पटवणार? मलाही वाटायला लागलं, गोळीतच गहू आहे.

मग एका आठवड्यात तिन्ही उत्तरं आली. तिन्ही कंपन्यांनी एकच लिहिलं होतं. पिठूळ मक्याचं आहे, गव्हाचा अंश नाही.

मी भर दुपारी शटर ओढलं आणि स्कूटीवर त्यांचं घर गाठलं. ओसरीत कॉटवर बानूकाकू भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. मला बघून उठायला गेल्या, मी नको म्हटलं. तात्यांना मेल वाचून दाखवले. त्यांचा विश्वास बसला नाही.

"मग पोट कशानं चालू हुतं? मी काय येडा हाय?"

"तुम्ही गोळी कशी देता, मला करून दाखवा," मी म्हणाले. "पहिल्यापासून."

मी त्यांच्यामागं आत चुलीपाशी गेले. त्यांनी हात धुतले. गोळी वाटीत काढली, उकळून गार केलेलं पाणी ओतून घेतलं. मग दुसरा पेला काढला.

"हा कशाला?"

"ताकाला. तूच म्हनालीस न्हवं, रिकाम्या पोटी देऊ नगा." त्यांनी मडक्यातलं ताक ओतलं. "घरच्या म्हशीचं हाय, मीच घुसळतो. मीठ, जिरं. ह्ये एवढंच घेती ती गोळीसंगं, गोळी न्हाय तवा ताकबी न्हाय. डोळं मिटून येका दमात पिती बघ, इतकं आवडतं तिला." आणि फळीवरची डबी काढून त्यांनी ताकात मोठी चिमूट टाकली.

"ते काय?"

"हिंग. पोट दुखू ने म्हणून. आमच्यात फोडणीला लसूण, हिंग निस्ता औशदाला. लय बिघडलं की जरा जास्तीच टाकतो."

मी डबी घेतली. खाली इंग्रजीत बारीक अक्षरं होती. ती तात्यांना वाचता येत नव्हती, मला येत होती. गव्हाचं पीठ, डिंक, हिंग. निम्म्याहून जास्त पीठच.

मला माझीच लाज वाटली. तीन कंपन्यांना मेल केले, पण या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं की गोळीबरोबर काय देता. रिकाम्या पोटी नको, हे मी दिवसातून पन्नास जणांना सांगते. पुढं काय ते मी कधी विचारलंच नव्हतं.

सांगितलं त्यांना. सांगावंच लागलं. ते चुलीजवळ खाली बसले. माझ्याकडून डबी घेऊन बराच वेळ तिचं झाकण लावत होते, ते बसत नव्हतं.

"म्हंजी मीच," ते म्हणाले.

"तात्या, तुम्हाला काय माहीत..."

"इख दिलं मी तिला. सवताच्या हातानं कालवून."

"मला कळत हुतं," ओसरीतून काकू म्हणाल्या. आवाज भिंतीकडूनच आला. "गोळीनं न्हाय, ताक पेलं की फिरतंय."

तात्या उठून दारात गेले. "मग बोलली का न्हाईस?"

"चाळीस वरसांत पयल्यांदा कायतरी करून आनलं हुतं तुमी. नगं कसं म्हनू?"

"आन् तीन आठवडं? बिनगोळीचं?"

"तुमी तपास काढत हुता. रोज तेवढं चालत जायाचा उन्हाचं माझ्यापायी. काय बोलायचं मग."

तात्या दारातून वळले. आत आले, पेल्यातलं ताक मोरीत ओतलं. पेला राखेनं घासला, विसळला, उन्हाकडं धरून बघितला आणि परत घासला. डबी परसात भिरकावली. दुसरं ताक काढलं, त्यात फक्त मीठ घातलं. निम्मं मीठ खाली सांडलं.

आम्ही दोघांनी मिळून काकूंना भिंतीला टेकवून बसवलं. धरलेला दंड माझ्या मुठीत मावत होता. त्यांनी गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला.

"बिनहिंगाचं हाय," तात्या म्हणाले आणि पेला पुढं केला.

काकूंनी पदर सावरून तो दोन्ही हातांत धरला, डोळे घट्ट मिटले आणि एका दमात पिऊन टाकला.