मंद आचेची कवळी

माझा स्वभाव वाईट. हे मला कुणी सांगायला नको, मला पाठ आहे.

इंदापूरच्या एसटी स्टँडामागं एका खोलीत मी कवळ्या बनवतो. डॉक्टर बारामतीला बसतात. ते तोंडाचं माप घेतात, प्लॅस्टरचा साचा करतात, त्यावर मेणात दात बसवतात आणि डबा कंडक्टरजवळ देऊन माझ्याकडं धाडतात. मी मेणाच्या जागी पक्कं गुलाबी प्लास्टिक भरतो आणि डबा परत धाडतो. वीस वर्षांत निम्म्या तालुक्याचे जबडे माझ्या हाताखालून गेले, पण त्यातला एक माणूस बघितला असेल तर शपथ. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. सकाळी चहावाल्याला "एक हाफ" म्हणायचं, ते माझं दिवसातलं पहिलं वाक्य. पुष्कळदा तेच शेवटचं.

त्र्याण्णव सालच्या हिवाळ्यात एका सोमवारी सकाळी दारात एक म्हातारा उभा राहिला. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं, आणि डबा असा छातीशी धरलेला, जणू आत दूध आहे आणि सांडेल.

"डागदर यष्टीनं धाडणार व्हते," तो म्हणाला. "म्या म्हणलं, दात माझं हायती, मीच नेतो. कोण करतंय त्ये तरी बघावं."

"मी करतोय. बघितलंत? झालं समाधान?" मी म्हणालो. "आणि एक ऐकून ठेवा. कधी देता, कधी देता म्हणून माझ्या डोक्याशी बसायचं नाही. घाई करणाऱ्यांची कामं मी परत धाडतो."

"न्हाय बा. तुमचं काम तुमाला ठावं." आणि तो बाकड्यावर मांडी घालून बसला की हो!

नाव आबाजी. वडगाव निंबाळकरच्या शिवारातले. हयात मेंढरांमागं गेली, आता पोरांनी रान घेऊन ऊस लावलाय. मला वाटलं, घटकाभर बसतील आणि जातील. कसले जातात! मी साचा फ्लास्कमध्ये, म्हणजे दोन भागांच्या पितळी डबीत, प्लॅस्टरात पुरला, उकळतं पाणी ओतून मेण धुऊन काढलं, तर हे मागून वाकून बघतायत.

"आरं तिच्या! मेण ग्येलं आन् दात जागच्या जागी!"

वीस वर्षं मी हे करतोय, पण त्याला "आरं तिच्या" म्हणणारा कुणी भेटला नव्हता. मी पावडरीत लिक्विड घातलं, तसा त्यांनी नाकाला पागोट्याचा शेव लावला. म्हणाले, मेंढरांना पाजायचं औषध असंच वास मारायचं. तिथून मग मेंढरांच्याच गोष्टी निघाल्या. दुपारी त्यांनी धडपं सोडलं, भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं ठेवली. मी नको म्हणालो, दोनदा म्हणालो, आणि मग खाल्ली. त्यांनी स्वतःची दुधात कुस्करली. समोर माणूस असला की घास कसा सरसर उतरतो, हे मी साफ विसरलो होतो.

प्लास्टिकचा कणकेसारखा गोळा साच्यात भरून मी फ्लास्क शिकंज्यात आवळला. "आता उद्या शिजवायची. बुधवारी या, दात घालूनच जा," मी सांगितलं. पाचच्या गाडीनं ते गेले.

कवळी शिजवणं हे सगळं धीराचं काम. फ्लास्क पाण्यात ठेवायचा, स्टोव्ह बारीक करायचा, दीड-दोन तास पाण्याला उकळी येऊ द्यायची नाही. मग हळूहळू उकळी आणायची, आणि त्याच पाण्यात फ्लास्क आपसूक गार होऊ द्यायचा. आच वाढवली तर आतलं लिक्विड उकळतं आणि कवळीला बुडबुडे धरतात. ती मग कामाची राहत नाही.

मंगळवारी मी स्टोव्ह बारीक करून बसलो. समोर बाकडं रिकामं होतं. खोलीत स्टोव्हचा आवाज, दुसरं काही नाही. मनात आलं, उद्या म्हातारा दात घालील, राम राम करील आणि जाईल. ज्याला कवळी चांगली बसली तो परत कशाला येतोय? मग उठून पंप मारला आणि स्टोव्ह मोठा केला. हात चुकला असं मी म्हणणार नाही. मी मोठा केला.

बुधवारी आबा पहिल्या गाडीनं आले, दाढी करून, धुवट धोतर नेसून. मी त्यांच्यासमोर फ्लास्क उघडला. जिथं कवळी जाड, तिथं बुडबुडेच बुडबुडे.

"स्टोव्हनं दगा दिला, आबा. पुन्हा करायला लागणार. शुक्रवारी या." तोंड मी पाडलं होतं, पण आतून, लाज सोडून सांगतो, मला बरं वाटत होतं. आणखी एक दिवस मिळाला होता.

आबांनी त्या गुलाबी भागावरून अंगठा फिरवला. "आज सांच्याला जेवान हाय," ते हळू म्हणाले. "भवानीनगरला. माझी नात दिलीया तितं, प्रतिक्षा. व्याह्यानं बोकड पाडलाय. आमच्यात मुलीकडल्या थोरल्यानं हाडाचं मटण दातानं तोडलं, की मंग पंगत जेवती. पोरीनं इचारलं, आजा, तुला जमंल का? म्या म्हणलं, जमंल, बुधवारी दात येत्यात."

"मग सोमवारी बोलायला काय झालं होतं?" मी ओरडलोच.

"तुमीच म्हणला न्हवं, घाई कराल तर काम परत धाडीन."

मी कामाला लागलो. बिघडलेल्या कवळीतच प्लॅस्टर ओतून नवा साचा घेतला, दात त्यात बसवले, प्लास्टिक भरलं. आता आच वाढवायची सोय नव्हती. स्टोव्ह बारीक करून दोन तास घड्याळाकडं बघत बसलो. आबा एकदासुद्धा "कधी" म्हणाले नाहीत. उकळी झाली तेव्हा साडेचार वाजले होते. फ्लास्क गार व्हायला रात्र लागली असती, आणि गाडी पाचची. मी तो तसाच नळाखाली धरला आणि गरम उघडला. ते करू नये हे मला कळत होतं. कवळी वाकली. आबांनी ती तोंडात घातली, अंगठ्यानं टाळूला दाबली, अंगठा काढला की खाली. तीनदा केलं.

"ऱ्हाऊ द्या, सोपानराव. तुमी लई केलं," ते म्हणाले. आणि पागोट्याचा शेव तोंडावर ओढून गाडीला गेले. त्या "लई केलं"नं मला रात्रभर डोळा लागू दिला नाही.

पुढच्या सोमवारी डॉक्टरांनी नवीन माप घेऊन डबा धाडला. ती कवळी मी केली तशी आयुष्यात केली नसेल. दिवसभर मंद आच, रात्रभर गार. गुरुवारी आबा आले. वरची कवळी टाळूला अशी चिकटली की ओढून निघेना. ते आरशात बघून हसले, गालफडं भरली होती, दहा वर्षांनी लहान दिसत होते.

"जेवणाचं काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायाचं? पंगत थांबली. म्या हाड तोंडात धरलं, तुटंना. समदी बघाय लागली. मंग म्या खाली ठिवलं, आन् व्याह्यानंच तोडलं. हसली थोडी माणसं. प्रतिक्षा आत निघून ग्येली." त्यांनी पागोटं नीट केलं. "तुमचा काय त्यात दोस? स्टोव्हचा दोस."

मला ते ऐकवेना. "आबा, स्टोव्ह चांगला होता," मी म्हणालो. "मीच मोठा केला. मुद्दाम. तुम्ही परत यावं म्हणून."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. बाहेर स्टँडावर कुठल्या कुठल्या गाड्या पुकारत होते. आबा माझ्याकडं बघत राहिले, रागानं म्हणाल तर राग नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर मी खाली मान घालून घेतल्या असत्या.

"निरोप धाडायचा व्हता, सोपानराव," ते म्हणाले. "नुसता निरोप धाडला असता तरी आलो असतो की मी."

ते उठले. "बसा की थोडं," मी म्हणालो, पण ते माझं मलाच ऐकू गेलं असेल. मी दारापर्यंत गेलो. बारामतीची गाडी लागलीच होती. आबा चढले, खिडकीशी बसले. मला वाटलं, गाडी सुटताना एकदा तरी इकडं बघतील. ते सरळ पुढं बघत बसले होते.