नोटरी बर्फावर गेला तेव्हा

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पण तेर्पस्त्राबाईंची कंपनी वाचली ती गोठलेल्या कालव्यावर, आणि तेव्हा त्यांच्यासोबत होतो मी एकटा. आफ्के, आधी माझा पेला भर. गुत्ता चालवणारी ही आफ्के त्या नोटरीचीच थोरली लेक, तिला निम्मं ठाऊक आहे.

बाई दूध काढायच्या यंत्रांचे इलेक्ट्रॉनिक भाग बनवायच्या. सौदे करून दोन कंपन्या गिळल्या होत्या, पण दोन्हींना लागणारे सेन्सर बनवायचा फक्त म्हातारा वीब्रेन. त्यानेही आपली कंपनी बाईंना विकायला सही दिली. अट एकच, अंधार पडायच्या आत नोटरीचा शिक्का. नाहीतर उद्या ती जर्मन गिऱ्हाइकाला, आणि आमच्या कारखान्याला टाळं.

नेमका त्याच दिवशी कालवा गोठला! कित्येक वर्षांनी. सगळं गाव स्केट्स बांधून बर्फावर. शाळा सुटली, बेकरी बंद, नोटरीच्या कचेरीला कुलूप.

बाई पायरीवरच बसल्या. "गेरबेन, याला आजच जायचं होतं बर्फावर?"

"तो एकटा कुठे, बाई? पाद्रीही गेलाय."

"थट्टा सुचते तुला? माझ्या माणसांना काय सांगू मी?" मग कागद स्वेटरच्या आत खुपसून त्यांनी स्केट्स बांधले.

सूर्य कलायला लागला होता. लांब पुढे नोटरीची लाल टोपी. बाईंनी जीव तोडून हाक मारली, "अहो, थांबा!" त्याने मागे पाहिलं, त्याला वाटलं शर्यत लावतायत. गडी दुप्पट वेगाने सुटला! हाक मारावी तितका तो लांब. बाईंच्या डोळ्यांत पाणी, आणि ते पापण्यांवरच गोठलेलं.

मग आला पूल. नोटरी काठावर चढला आणि स्केट्सची धार जाऊ नये म्हणून रस्त्यावर टाकलेल्या सतरंज्यांवरून पलीकडे चालू लागला. मी ओरडलो, "बाई, वाका!" आम्ही सरळ पुलाखालून सुसाट, त्याच्या पुढ्यात! शिक्का त्याच्या खिशातच. माझ्या पाठीवर कागद ठेवून उमटवला, तेव्हा सूर्य बोटभर उरला होता...

"गेरबेनकाका, पुरे!" आफ्केने फडकं आपटलं. "पुलाखालचा बर्फ बदकाला तरी पेलतो का? बाई तिथे गळ्यापर्यंत बुडाल्या. बाबांनी ओढून काढलं आणि शिक्का मारला आमच्या स्वयंपाकघरात, ओल्या कागदावर. आणि तुम्ही? तुम्ही दुपारपासून तिथेच शेगडीला पाय लावून आईच्या हातचं वाटाण्याचं सूप ओरपत होतात!"